जनुकं सगळ्यांची, मोजमाप एका खंडाचं

१९९७ ते १९९९ या काळात लंडनचा आग्नेय भाग, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथल्या मनोविकारतज्ज्ञांनी एक मोठी नोंद केली. भ्रम, भास, विस्कटलेले विचार अशी लक्षणं घेऊन आयुष्यात पहिल्यांदाच उपचारांसाठी आलेला आपल्या भागातला प्रत्येक माणूस त्यांनी टिपला. 'ईसॉप' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत आफ्रिकन-कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे नऊपट होतं आणि थेट आफ्रिकेतून आलेल्यांत सुमारे सहापट. दक्षिण आशियाई लोकांत वाढ होती, पण या दोन गटांपेक्षा कितीतरी कमी.

नऊपट हा लहान फरक नाही. दोन लोकसमूहांमध्ये एखाद्या आजाराचा एवढा फरक दिसला की पहिला संशय रक्तावर जातो, आणि या आजाराच्या बाबतीत तर जातोच, कारण तो घराण्यात चालतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही वंशांच्या जनुकांतच हा धोका जास्त आहे का, हा प्रश्न गेली शंभर वर्षं विचारला जातो आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याचं उत्तर देण्याची साधनं हाती आली, आणि आलेलं उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण चुकीच्या उत्तराची किंमत माणसांनी जिवाने मोजलेली आहे.

ईसॉपच्या आकड्यांचा खुलासा त्याआधीच सुरू झाला होता. १९९० च्या दशकात संशोधक थेट कॅरिबियन बेटांवर गेले. जमैकात फ्रेडरिक हिकलिंग यांनी, त्रिनिदादमध्ये दिनेश भुग्रा (पुण्याच्या एएफएमसीत शिकलेले, पुढे ब्रिटनमध्ये नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर बार्बाडोसमध्ये आणखी एका गटाने नव्या रुग्णांची मोजणी केली. तिन्ही ठिकाणचं प्रमाण ब्रिटनमधल्या गोऱ्या लोकांच्या आसपासच निघालं. म्हणजे जे लोक आणि त्यांची जी जनुकं किंग्स्टनमध्ये होती, तीच लंडनला आल्यावर धोका कित्येक पटींनी वाढत होता.

मँचेस्टरमधून १९९४ साली आलेला पुरावा याहून बोलका आहे. तिथे रुग्णांच्या आईवडिलांत आणि भावंडांत हा आजार किती आढळतो ते पाहिलं गेलं. कॅरिबियन रुग्णांच्या आणि गोऱ्या रुग्णांच्या आईवडिलांमध्ये प्रमाण जवळपास सारखं होतं. भावंडांमध्ये मात्र मोठी तफावत होती. कॅरिबियन रुग्णांच्या भावंडांना, त्यातही ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांना, हा आजार कितीतरी अधिक होत होता. आईवडील आणि मुलं यांच्यात निम्मी जनुकं सामाईक असतात, भावंडांमध्येही सरासरी तेवढीच. आईवडिलांच्या पिढीत नसलेला धोका एका पिढीत जनुकांतून उगवू शकत नाही. दोन पिढ्यांमध्ये बदललं होतं ते वाढण्याचं ठिकाण.

स्थलांतर आणि हा आजार यांचं नातं तसं जुनं आहे. ओर्नुल्फ ओडेगार्ड या नॉर्वेजियन डॉक्टरांनी १९३२ साली दाखवून दिलं की अमेरिकेतल्या मिनेसोटात जाऊन राहिलेल्या नॉर्वेजियनांमध्ये स्किझोफ्रेनियासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण मायदेशातल्यापेक्षा बरंच जास्त आहे. दोन्हीकडचे लोक गोरे होते, एकाच देशाचे होते. ओडेगार्ड यांचा तर्क असा होता की मुळात आजाराकडे झुकलेली माणसंच घर सोडून जातात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हा तर्क २००२ साली सुरीनामच्या लोकांवर तपासला. सुरीनाम ही जुनी डच वसाहत, गिरमिटिया भारतीयांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या देशातली सुमारे एक तृतीयांश माणसं नेदरलँड्सला गेलेली. संशोधकांनी असं धरलं की अख्खा सुरीनामच स्थलांतरित झाला आहे आणि मागे राहिलेल्यांपैकी एकालाही हा आजार नाही. तरीही नेदरलँड्समधलं प्रमाण स्थानिक डच लोकांपेक्षा जास्तच भरलं. निवडक माणसं आली म्हणून आकडा वाढला, हे स्पष्टीकरण तिथे संपलं.

मग काय वाढवतं? दक्षिण लंडनमधल्या एका अभ्यासाने २००१ साली एक धागा दिला. ज्या वॉर्डात कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य लोक दाट वस्तीने राहतात तिथे त्यांच्यात आजाराचं प्रमाण कमी, आणि ते गोऱ्या वस्तीत विरळ विखुरलेले असतात तिथे जास्त. नेदरलँड्समधल्या हेगमध्ये ज्या स्थलांतरित गटांना सर्वाधिक भेदभाव सोसावा लागतो असं वाटत होतं, त्यांच्यात प्रमाणही सर्वाधिक निघालं. एकटेपण, अपमान, सतत परकं ठरवलं जाणं हे मेंदूवर नेमकं कसं काम करतं याचा तपास अजून चालू आहे, आणि गांजा, लहानपणी आईवडिलांपासून ताटातूट, उत्तरेकडच्या कमी उन्हात काळ्या त्वचेला कमी मिळणारं ड जीवनसत्त्व हेही संशयितांच्या यादीत आहेत. त्वचेचा रंग सोडला तर यातलं काहीही वंशाच्या जनुकांत लिहिलेलं नाही.

यात निदानाचाही भाग आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला स्किझोफ्रेनियाचं निदान मिळण्याची शक्यता गोऱ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते. तीच लक्षणं गोऱ्यात दिसली तर अनेकदा 'नैराश्य' किंवा 'बायपोलर' लिहिलं जातं. जोनाथन मेत्झल यांनी मिशिगनमधल्या आयोनिया इथल्या सरकारी रुग्णालयाची जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं की १९६० च्या दशकात, नागरी हक्कांच्या आंदोलनाच्या काळात, हे निदान गोऱ्या गृहिणींकडून कृष्णवर्णीय पुरुषांकडे सरकत गेलं. आजाराचा चेहराच बदलला. जो आकडा आपण वंशाचा धोका म्हणून वाचतो त्यात डॉक्टरच्या नजरेचा वाटा असा मिसळलेला असतो.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजाराची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के निघते. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या २०१८ सालच्या मोठ्या अभ्यासातही आकडा ७९ टक्के होता. एवढा आनुवंशिक आजार असेल तर दोन गटांमधला फरकही मुख्यतः जनुकांचाच असणार ना? नाही. हा गैरसमज मी सुशिक्षित माणसांकडून, डॉक्टरांकडूनही ऐकलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबणं भाग आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी बियाण्याच्या उदाहरणाने हे समजावलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर असं. बाजरीच्या एकाच पोत्यातून दोन मुठी बी घेतलं. एक मूठ काळ्या कसदार रानात पेरली, दुसरी मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्या बियांना सारखीच माती आणि सारखंच पाणी, त्यामुळे ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल तो बियांचा. माळावरही तसंच. म्हणजे दोन्ही रानांत उंचीची आनुवंशिकता शंभर टक्के. पण दोन रानांमधल्या सरासरी उंचीचा फरक पूर्णपणे मातीचा. आनुवंशिकतेची टक्केवारी ही एका लोकसमूहाच्या आतल्या फरकांबद्दल सांगते, दोन समूहांमधल्या फरकाबद्दल ती एक अवाक्षर बोलत नाही. डेन्मार्कमधले ७९ टक्के लंडनच्या नऊपटीवर लावता येत नाहीत.

हा गैरसमज किती महाग पडू शकतो हे जर्मनीने दाखवलं. म्युनिकच्या अर्न्स्ट र्‍यूडिन यांनी १९१६ साली रुग्णांच्या भावंडांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मनोविकारांच्या आनुवंशिक संशोधनाची सुरुवात अनेकदा इथूनच सांगितली जाते. हेच र्‍यूडिन पुढे १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याचे भाष्यकार झाले. त्या कायद्यात आनुवंशिक ठरवलेल्या आजारांमध्ये स्किझोफ्रेनियाचं नाव ठळक होतं. १९३९ पासून रुग्णालयांतल्या माणसांना विषारी वायूने, इंजेक्शनने, उपासमारीने मारणं सुरू झालं. फुलर टॉरी आणि रॉबर्ट योल्केन यांनी २०१० साली केलेल्या अंदाजानुसार स्किझोफ्रेनियाच्या २ लाख २० हजार ते २ लाख ७० हजार माणसांची नसबंदी किंवा हत्या झाली. जर्मनीतल्या या आजाराच्या रुग्णांपैकी हे किमान ७३ टक्के. या आजाराचं 'वाईट रक्त' संपवण्याचा याहून मोठा प्रयत्न जगात झालेला नाही. आणि परिणाम? १९६० च्या दशकात मॅनहाइम शहरात नव्या रुग्णांची मोजणी झाली तेव्हा प्रमाण इतर देशांपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्तच निघालं.

तो अत्याचार चुकीचा आहे हे नैतिकदृष्ट्या तेव्हाही कळण्यासारखं होतं. जनुकीयदृष्ट्या तो का फसणार होता, हे आज नेमकं सांगता येतं, आणि वंशांच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच माहितीत आहे.

स्किझोफ्रेनियाचं असं एक जनुक नाही. २०१४ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने सुमारे ३७ हजार रुग्ण आणि १ लाख १३ हजार निरोगी माणसांच्या डीएनएची तुलना करून जीनोमवरच्या १०८ जागा दाखवल्या. २०२२ साली रुग्णांची संख्या ७६,७५५ वर गेली आणि जागा २८७ झाल्या. प्रत्येक जागेवरचा रूपभेद, म्हणजे डीएनएमधला माणसागणिक असणारा बारीक फरक, धोका किंचितच वाढवतो, बहुतेकांचा वाटा इतका बारीक की एकेकट्याला काही अर्थ नाही. असे हजारो रूपभेद आपल्या प्रत्येकाकडे आहेत, कुणाकडे थोडे जास्त, कुणाकडे थोडे कमी. त्यामुळे रुग्णांना संपवून हा धोका संपत नाही. तो निरोगी माणसांत पसरलेला आहे आणि त्यांच्याकडूनच पुढच्या पिढीत जातो.

हे रूपभेद वेगवेगळ्या खंडांत वेगळे आहेत का, या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर २०१९ साली पूर्व आशियातून आलं. चीन, जपान, कोरिया, तैवान, सिंगापूर अशा ठिकाणच्या २२,७७८ रुग्णांचा अभ्यास झाला. मग युरोपीय आणि पूर्व आशियाई निकाल शेजारी ठेवून त्यांचा जनुकीय सहसंबंध काढला गेला. तो निघाला ०.९८. एक म्हणजे तंतोतंत सारखं. हजारो वर्षं वेगळ्या राहिलेल्या दोन महाखंडांमधल्या माणसांत या आजाराची जनुकीय बांधणी जवळजवळ एकच आहे. या क्षेत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा हाच.

एक अपवाद मात्र आहे आणि तो शिकण्यासारखा आहे. युरोपीय लोकांत सर्वांत ठळक खूण सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या दाट वस्तीत सापडते. त्यातल्या सी-४ या जनुकाने वाढत्या वयात मेंदूतल्या जोडण्या छाटण्याचं प्रमाण बदलत असावं, असा पुरावा २०१६ साली स्टीव्ह मॅककॅरोल यांच्या गटाने मांडला. पूर्व आशियाच्या त्या अभ्यासात इथे खूण उमटलीच नाही, कारण संबंधित रूपभेद तिकडे विरळ आहेत. म्हणजे काही जागांवर भेद आहेत. पण इतर शेकडो जागांची बेरीज घेतली की ते बुडून जातात.

सारखेपणाचं कारण काळात आहे. सौम्य परिणाम करणारे, सर्वत्र आढळणारे रूपभेद बहुतांशी फार जुने आहेत. माणसाच्या पूर्वजांनी साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी आफ्रिका सोडली तेव्हा ते सोबत होतेच, आणि जिथे जिथे माणूस गेला तिथे गेले. तीव्र परिणाम करणाऱ्या उत्परिवर्तनांचं उलटं आहे. स्वीडनमधल्या नोंदींप्रमाणे हा आजार असलेल्या पुरुषांना होणारी मुलं इतरांच्या सुमारे पाव, आणि स्त्रियांना निम्म्याहून थोडी कमी. त्यामुळे तीव्र उत्परिवर्तनं फार पिढ्या टिकत नाहीत, ती पुन्हा पुन्हा नव्याने घडतात. बाविसाव्या गुणसूत्रावरचा एक लहान तुकडा गळण्याचा दोष घ्या. तो असलेल्या साधारण चारांपैकी एकाला पुढे सायकोसिसचा, म्हणजे भ्रम-भासांचा, आजार होतो. हा तुकडा गळतो तो त्या जागेवरच्या डीएनएच्या रचनेमुळे, त्यामुळे कुठल्याही देशात, कुठल्याही घरात बाळ घडताना तो गळू शकतो. बहुतेकदा आईवडिलांकडे तो दोष नसतोच. नवं घडणारं उत्परिवर्तन वंश पाहून घडत नाही. ३५,८२८ रुग्णांवरच्या २०२३ सालच्या एका अभ्यासाने हे थेट तपासलं. प्रथिन अर्धवट तोडणाऱ्या दुर्मीळ उत्परिवर्तनांचा धोका वेगवेगळ्या पूर्वजपरंपरांच्या लोकांत सारखाच निघाला.

दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांचा अभ्यास याच संदर्भात पाहायला हवा. २०२० साली मेरी-क्लेअर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोसा भाषा बोलणारे ९०९ रुग्ण आणि ९१७ निरोगी माणसं तपासली. माणूस सर्वांत दीर्घकाळ आफ्रिकेत राहिला, त्यामुळे जनुकीय वैविध्य तिथे सर्वाधिक आहे, आणि त्याच खंडातले लोक अशा अभ्यासांत सर्वांत कमी घेतले गेले. खोसा रुग्णांमध्ये मेंदूपेशींच्या जोडण्यांचं काम सांभाळणाऱ्या जनुकांत दुर्मीळ, घातक उत्परिवर्तनं अधिक होती. स्वीडनच्या रुग्णांमध्येही हाच नमुना होता. उत्परिवर्तनं प्रत्येकाची वेगळी, बिघडलेली यंत्रणा एकच. मोठ्या खर्चाच्या युरोपीय अभ्यासांना जे दाखवायला हजारो माणसं लागली, ते इथे हजारभर रुग्णांत दिसलं. आफ्रिकेकडे इतकी वर्षं न पाहण्यात विज्ञानाचंच नुकसान झालं.

आता मोजण्याच्या साधनाकडे. हजारो रूपभेदांचा बारीक बारीक धोका बेरजेत घेऊन प्रत्येक माणसाचा एक 'बहुजनुकीय गुणांक' काढता येतो. युरोपीय लोकांत तो रुग्ण आणि निरोगी यांच्यात सरासरी फरक दाखवतो. २०१८ साली लंडनच्या डेव्हिड कर्टिस यांनी हा गुणांक वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांवर लावून पाहिला. आफ्रिकन वंशाच्या आणि युरोपीय लोकांमधला फरक हा युरोपीय रुग्ण आणि युरोपीय निरोगी यांच्यातल्या फरकाच्या सुमारे दहापट निघाला. शब्दशः घेतलं तर अर्थ असा की आफ्रिकेतला जवळपास प्रत्येक माणूस युरोपातल्या रुग्णापेक्षा अधिक धोक्यात. हे उघडच अशक्य आहे. कर्टिस यांनी ते हेच दाखवायला छापलं, की हा गुणांक आजाराहून अधिक माणसाचं मूळ सांगतो.

असं का होतं? पहिलं कारण यदृच्छेचं. पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राहिलेल्या समूहांत प्रत्येक रूपभेदाचं प्रमाण योगायोगाने वरखाली होत राहतं, आणि गुणांकात ते सगळे योगायोग बेरजेला येतात. दुसरं कारण नेमकेपणाचं. अभ्यासात जो रूपभेद सापडतो तो बहुतेकदा खरा दोषी नसतो, दोषी त्याच्या शेजारी असतो आणि दोघे युरोपीय लोकांत सहसा एकत्र वारशाने येतात. आफ्रिकन लोकांत ही सोबत जास्त ठिकाणी तुटलेली आहे, कारण तिथल्या डीएनएला पिढ्यान्‌पिढ्या मिसळायला अधिक काळ मिळाला. तिथे खूण सापडते, पण तिच्या शेजारी दोषी नसतो. ॲलिसिया मार्टिन यांच्या गटाने २०१९ साली अनेक गुणधर्मांवर हिशोब मांडला. युरोपीय लोकांवर बेतलेले गुणांक दक्षिण आशियाई लोकांत सुमारे ३७ टक्के, पूर्व आशियाई लोकांत ५० टक्के आणि आफ्रिकन लोकांत ७८ टक्के कमी अचूक ठरतात. आणि अशा अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, जगाच्या लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा सुमारे १६ टक्के.

अमेरिकेत आता काही कंपन्या कृत्रिम गर्भधारणेतल्या भ्रूणांचा असा गुणांक काढून देतात, स्किझोफ्रेनियाचाही. तिथे राहणाऱ्या मराठी जोडप्यासमोर हा कागद आला तर त्याने हे ध्यानात घ्यावं की तो आकडा ज्या लोकांवर बेतला आहे त्यांच्यात दक्षिण आशियाई माणसं जवळपास नव्हतीच. मला हा व्यापार धोकादायक वाटतो.

मग भारताचं काय? भारतातला या दिशेचा मोठा प्रयत्न तामिळनाडूतून झाला. चेन्नईची 'स्कार्फ' ही संस्था आणि ऑस्ट्रेलियातले क्वीन्सलंडचे संशोधक यांनी मिळून ३,०९२ लोकांचा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठव्या गुणसूत्रावर त्यांना एक खूण सापडली आणि ती नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या वापराशी संबंधित जनुकाकडे बोट दाखवत होती. नायसिनच्या कमतरतेने पेलाग्रा होतो आणि त्यात मनही भरकटतं. दख्खनमधल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा का आढळतो यावर हैदराबादमध्ये सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास केलेलं काम प्रसिद्ध आहे. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडण्याची घाई करू नये. तीन हजारांचा नमुना या क्षेत्रात लहानच. पण भारतीय माणसं पाहिली तर नवे प्रश्न सुचतात एवढं तरी त्यातून दिसलं.

भारतात आणखी एक गोष्ट आहे, ती युरोपात एवढ्या प्रमाणात नाही. प्रिया मुरजानी यांच्या २०१३ सालच्या अभ्यासानुसार इथल्या समूहांची सरमिसळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालली, मग जातीत लग्नं करण्याची पद्धत घट्ट झाली. २०१७ साली दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले गेले. त्यातल्या ८१ समूहांवर, मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही खोल निघाला. अशा समूहात एखादा दुर्मीळ दोष साचून राहू शकतो. फिनलंडमध्येच याचं उदाहरण आहे. ईशान्येकडचा कुसामो हा मोजक्या कुटुंबांनी वसवलेला भाग, आणि तिथे स्किझोफ्रेनियाचा आयुष्यभराचा धोका ३ टक्क्यांच्या आसपास नोंदवला गेला, देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. एखाद्या भारतीय जातीत असं आढळलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण ते शोधावं लागेल, गृहीत धरता येणार नाही. आणि ते सापडलं तरी तो त्या समूहाच्या लहानपणाचा आणि बंदिस्त लग्नांचा परिणाम असेल, कुणाच्या रक्ताच्या दर्जाचा नव्हे.

शोधायला मात्र आकडे हवेत. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ समूहांमधल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले, २०२५ साली ती माहिती संशोधकांना खुली झाली. हा मोठा पाया आहे. पण त्यात निरोगी माणसं आहेत, रुग्ण नाहीत. बंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची आणि एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था मिळून अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करत आहेत, तोही मोलाचा आहे. महाराष्ट्राची स्थिती मात्र खटकणारी आहे. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार मोठी मनोरुग्णालयं असलेल्या राज्यात हा आजार किती लोकांना आहे हे आपण इतर राज्यांवरून अंदाजतो. जनुकांचा प्रश्न त्याच्या कितीतरी पुढचा.

वंश खरोखर महत्त्वाचा ठरतो अशी एक जागा आहे, आणि ती आजारात नसून औषधात आहे. इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांना क्लोझापिन हे सर्वांत परिणामकारक औषध. त्याने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी लागते. आफ्रिकन वंशाच्या बहुसंख्य लोकांमध्ये 'डफी' नावाच्या रक्तगटाचा असा एक जनुकीय प्रकार असतो, जो व्हायव्हॅक्स मलेरियापासून संरक्षण देतो आणि त्याच वेळी रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जन्मापासून कमी ठेवतो. हा दोष नाही, त्यांची प्रतिकारशक्ती ठणठणीत असते. पण गोऱ्या लोकांवरून ठरवलेल्या मर्यादेत ते बसत नसल्याने त्यांना वर्षानुवर्षं हे औषध नाकारलं गेलं, किंवा चालू असलेलं थांबवलं गेलं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१५ साली अशा रुग्णांसाठी वेगळी मर्यादा ठरवली. ज्यांच्याबद्दल आजार रक्तात आहे असं बोललं जात होतं, त्यांच्या रक्तातली खरी वेगळी गोष्ट ही होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांचे उपचार अडले. पूर्व आशियाई रुग्णांना याच औषधाचा साधारण निम्मा डोस पुरतो, कारण यकृतातून त्याचा निचरा हळू होतो. असे फरक शोधण्यासाठी विविध लोकांचा डीएनए वाचणं मला तातडीचं वाटतं.

आपल्याकडे हा विषय मुख्यतः एकाच प्रसंगी निघतो, लग्न ठरवताना. 'देवराई' (२००४) हा चित्रपट पाहून अनेक मराठी घरांना या आजाराचं नाव कळलं, पण स्थळ पाहताना तो अजून लपवला जातो. मुलीच्या भावाला हा आजार असला की पलीकडून 'तुमच्यात हे चालतं का' असं विचारलं जातं, आणि त्यातलं 'तुमच्यात' कधी घराबद्दल असतं, कधी जातीबद्दल. घराबद्दल उत्तर आहे. जुन्या युरोपीय कुटुंब-अभ्यासांवरून इरव्हिंग गॉट्समन यांनी मांडलेले आकडे आजही ढोबळमानाने वापरले जातात. सर्वसाधारण माणसाला आयुष्यभराचा धोका सुमारे १ टक्का, रुग्णाच्या भावंडाला ९ टक्के, आई किंवा वडील रुग्ण असलेल्या मुलाला १३ टक्के, भाच्याला किंवा पुतण्याला ४ टक्के. आजार सहसा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो, म्हणून तिशीला आलेल्या निरोगी बहिणीचा उरलेला धोका त्या ९ टक्क्यांहून बराच कमी असतो. तिला पुढे होणाऱ्या मुलांपैकी शंभरात साधारण शहाण्णवांना हा आजार होणार नाही. जातीनुसार, प्रांतानुसार किंवा धर्मानुसार वेगळा आकडा आज कोणाकडेही नाही. कुणी तो सांगितला, तर किती रुग्ण मोजून आणि कुठे मोजून काढला, हे त्याला तिथेच विचारावं.